कैरीच्या वासाची शाई

पांढरा नावाचा एकच रंग असतो, हे मुलाणी साहेबांना कधी पटलं नाही. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे बंपर रंगवले जात. रंगवलेला बंपर नमुन्याच्या शेडशी जुळतो की नाही हे बघून तो पास करणं, हे त्यांचं काम. मी शेजारच्या टेबलावर क्वालिटीची कागदपत्रं सांभाळत असे. एकदा त्यांनी पांढऱ्या बंपरचा अख्खा लॉट अडवला. म्हणाले, यात पिवळा उतरलाय. प्रॉडक्शन मॅनेजर धावत आले. त्यांना फरक दिसेना, म्हणून त्यांनी मला बोलावलं, स्टोअरच्या गायकवाडांना बोलावलं. आम्हां सगळ्यांना दोन्ही पांढरे सारखेच दिसले. रंग मोजणाऱ्या मशीननंही फरक मर्यादेतच दाखवला. शेवटी मॅनेजरांनी स्वतःच्या सहीनं लॉट सोडला, आणि गिऱ्हाइकाकडून त्याबद्दल कधीही तक्रार आली नाही. साहेबांनी मात्र ते मनातून काढलं नाही. बसच्या खिडकीतून त्या मॉडेलची पांढरी गाडी दिसली की मान वळवून बघत आणि टाळ्याला जीभ लावून 'च्च' करत.

अशा माणसानं घरी गेल्यावर तरी डोळे मिटून पडावं. पण ते घरी जाऊन शाया बनवत.

कासारवाडीला त्यांचं जुनं दुमजली घर होतं. खालच्या खोलीत झुबेदाभाभी ब्लाउज शिवत आणि वर गच्चीवर पत्र्याची खोली साहेबांची. तिथं फळ्यांवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या, त्यांत शाया. नावं मोठी विचित्र. एकीला 'जांभूळ खाल्ल्यावरची जीभ' म्हणत, एकीला 'उरलेला चहा', तर एकीला 'पावसाळ्यातलं गंजलेलं गेट'. ही शेवटची मला खरंच आवडायची. विटकरी रंग, पण कागदावर वाळला की अक्षराच्या कडेला काळसर रेघ धरत असे. मी तसं म्हटलं तर ते खूश झाले नाहीत. म्हणाले, "काळेबाई, ती कडेची रेघ चूक आहे. तीच तर घालवायचा प्रयत्न करतोय." माझं आडनाव काळे आणि मी निळ्या बॉलपेननं लिहिते, याचाही त्यांना राग होता.

भाभी या सगळ्याला 'तुमचा शिमगा' म्हणत. चादरीवर डाग, मोरीत डाग, एकदा नातेवाइकांकडच्या साखरपुड्याच्या दिवशी दुधाच्या पातेल्यात हिरवी छटा. पातेलं घासूनच ठेवलं होतं, असं साहेब शपथेवर सांगत.

कंपनीतही ते याच शाईनं रिपोर्ट लिहीत. एका ऑडिटला गिऱ्हाइकाच्या माणसानं फाइल उघडली, जांभळी अक्षरं बघितली आणि विचारलं, हे काय आहे. साहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं की रेकॉर्ड वाचता यावं आणि पुसलं जाऊ नये एवढंच नियमात आहे, रंगाबद्दल काही नाही. तो म्हणाला, नसेलही, पण जांभळं चालत नाही. दोघंही आपल्या जागी बरोबर होते आणि माझं जेवण मात्र राहिलं. शेवटी निळ्या किंवा काळ्या शाईचाच वापर करावा, असं परिपत्रक निघालं. ते मलाच टाइप करावं लागलं. साहेबांनी त्यावर सही केली, काळ्यानं. उजेडात धरल्यावर ती गर्द हिरवी निघाली.

पण रंग ही त्यांची खरी अडचण नव्हतीच. त्यांना हवा होता वास.

सुगंधी शाई बाजारात मिळते, हे मीच त्यांना एकदा मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ती आधीच मागवून बघितलेली होती. म्हणाले, बाटली उघडली की घमघमाट आणि कागदावर काहीच नाही. "लिहिणाऱ्याला वास येऊन काय उपयोग? ज्यानं कागद उघडला त्याला यायला पाहिजे." यासाठी ते रविवार पेठेतल्या अत्तरवाल्यांकडे जात, निरनिराळी तेलं आणत. पण तेल आणि पाणी, ते कसं एक व्हायचं? तेलाचे थेंब शाईवर तरंगत. स्पिरिट घालून ते विरघळवावेत तर शाई कागदात पसरे आणि अक्षरांना पाय फुटत. डिंक घालून ती आवरावी तर निब तुंबे. आणि हे सगळं जमलंच, तर दुसऱ्या दिवशी कागदाला फक्त कागदाचा वास. मोगरा, केवडा, वाळा यांच्यापर्यंत ते कसेबसे पोचले होते. पण त्यांचा जीव अडकला होता कैरीत. पिकलेल्या आंब्यात नव्हे. कैरीचं देठ मोडल्यावर चीक उडतो, त्या क्षणी जो वास येतो, त्यात. हिरव्या शाईत त्यांना तो हवा होता. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. कागद वाचताना कुणाच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी बघितलेलं नाही."

असंच एकदा त्यांनी मला घडी घातलेला कागद दिला. त्यावर हिरव्या अक्षरांत माझंच नाव लिहिलेलं होतं. मी नाकाशी धरला. अगदी पुसट, पण कैरी होती. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "आहे, पण मागे रॉकेल येतंय. तेवढं काढलं की झालं." त्यांना कधी इतकं आनंदात बघितलं नव्हतं, आणि आनंदातही त्यांनी रॉकेलच शोधलं होतं.

त्यानंतर करोनाची दुसरी लाट आली आणि साहेब आजारी पडले. दवाखान्यात राहावं लागलं नाही, ऑक्सिजन लागला नाही. घरी आराम केला, बरे होऊन कामावर आले, सगळ्यांनी अल्लाची मेहेरबानी म्हटलं. फक्त वास गेला होता. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा गेला होता आणि परतही आला होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. साहेबांचा आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब असं काहीबाही डोळे मिटून हुंगत बसायचे. बराच काळ काहीच नाही. मग काहीतरी यायला लागलं, पण ते भलतंच. लवंग हुंगली की जळकं रबर, भाभीच्या बिर्याणीतून जळकं रबर, साबणातूनही तेच. ते म्हणाले, "काहीच येत नव्हतं तेव्हा बरं होतं. निदान आशा तरी होती." डॉक्टर म्हणाले, थांबा. ते थांबले. मग डॉक्टरही तेच तेच सांगायला कंटाळले.

शहाण्या माणसानं इथं शाईचा नाद सोडला असता. ते म्हणाले, रॉकेल तेवढं काढायचं राहिलं होतं. मग त्यांनी दुसऱ्यांची नाकं वापरायला सुरुवात केली, आणि आमचं सगळ्यांचं जिणं हैराण झालं.

चहाच्या सुट्टीत ते खिशातून कागदाच्या पट्ट्या काढत. एकेक पट्टी एकेकाच्या नाकाखाली. "कसा येतोय?" सगळे म्हणत, छान. साहेब डोळे मिटत. "छान हा काय वास आहे का? आंबट आहे? कडवट आहे? आधी काय येतं, मागून काय येतं?" लोक परत हुंगत आणि परत छान म्हणत. एकजण म्हणाला, गाडीत लटकवायची डबी असते ना, तसा. तो दिवस साहेबांचा फारच वाईट गेला. गायकवाड कुरुळीचे, घरची आंब्याची झाडं असलेले, त्यांच्यावर साहेबांची भिस्त होती. गायकवाडांनी पट्टी बराच वेळ नाकाशी धरली, विचार केला आणि म्हणाले, "साहेब, वास हाय. चांगला हाय. पण कसा हाय ते न्हाई बा सांगता यायचं. कैरीसारखाच म्हना की."

"झाडावरच्या की फोडी केलेल्या?"

"आता ते कसं सांगावं," असं म्हणून गायकवाड आपल्या स्टोअरमध्ये निघून गेले, आणि पुढं चहाला येईनासे झाले.

मीही कामाची नव्हते. मला 'तुरट' आणि 'उग्र' यांच्यापुढे शब्द सुचत नसत. एकदा मी वैतागून म्हटलं की साहेब, घरी भाभींना का नाही विचारत? ते म्हणाले, "ती तर म्हणेल फेकून द्या. तिला पहिल्या दिवसापासून हे नकोच आहे." आणि विषय संपला. इतकी वर्षं वर गच्चीवर हे चाललेलं होतं आणि त्यांनी बायकोला एक पट्टीही कधी हुंगायला दिली नव्हती.

अशातच त्यांची निवृत्ती आली. कॅन्टीनच्या हॉलमध्ये समारंभ ठरला. रीत अशी, की कंपनीनं शाल, श्रीफळ, घड्याळ द्यायचं आणि निवृत्त होणाऱ्यानं पेढे. साहेबांनी पेढ्यांऐवजी प्रत्येकासाठी शाईची छोटी बाटली आणली होती. हिरवी शाई, पांढरं झाकण, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'कैरी'. सकाळी बसमध्ये त्यांनी मला सांगितलं होतं की रॉकेल बहुतेक गेलं आहे. लवंगेचं तेल घातलं की शाईला बुरशी येत नाही, म्हणून ते घालत असत. पण लवंग कैरीला झाकते, म्हणून या खेपेला ती वगळली. हे त्यांनी नाकानं ठरवलं नव्हतं, डोक्यानं ठरवलं होतं. "बरोबरच असणार," ते म्हणाले. आणि मग खिडकीबाहेर बघत, "असायलाच पाहिजे."

दिवस मे महिन्याचे. बाटल्या पत्र्याच्या खोलीत कितीतरी दिवस भरून ठेवलेल्या.

भाषणं सुरू व्हायच्या आधी साहेबांनी स्वतः फिरून बाटल्या वाटल्या. मी हारतुऱ्यांच्या टेबलाशी होते, त्यामुळे माझ्या हातात अजून बाटली आली नव्हती, आणि लोकांचे चेहरे मला समोरून दिसत होते. पहिल्या रांगेतल्या माणसानं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि मान झटकन मागे घेतली. मग शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्यानंही उघडलं. काय झालंय ते मला कळेना. पण जो जो उघडे, तो तो झाकण घट्ट लावून साहेबांकडे बघून हसे. "वा साहेब." "क्या बात है." कुणी अंगठा दाखवला. हळूहळू माझ्यापर्यंत वास आला. उन्हाळ्यात पवना नदीच्या काठानं जाताना काच वर करावी लागते, तसला. साहेब पुढे पुढे जात होते, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरत होतं ते मला बघवेना.

प्लॅन्ट हेड माइकवर आले. त्यांनीही बाटली हुंगली होती, मी बघितलं होतं. ते म्हणाले की मुलाणी साहेब आपल्यातून जात असले तरी हा सुगंध आपल्या टेबलावर कायम दरवळत राहील. टाळ्या झाल्या.

भाभींना साहेबांशेजारी स्टेजवर बसवलं होतं. नवी साडी, डोक्यावर पदर, हातात पुष्पगुच्छ. त्यांच्यासमोरही एक बाटली होती. टाळ्या चालू असतानाच त्यांनी सहज ती उघडली, आणि लगेच साहेबांकडे वळल्या. माइक टेबलावर चालूच होता.

"ये तो सड गया है जी," त्या म्हणाल्या.

साहेबांनी विचारलं, काय?

"सड गया. नाले जैसा आ रहा. किसी ने बताया नहीं आपको?"

साहेब बाटलीकडे बघत राहिले. त्यांनी ती नाकाशी नेली, जणू आज एकदा तरी वास येईल. मग ती खाली ठेवून ते उठले आणि आमच्याकडे बघितलं. ते ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "एकानंही नाही?"

मग ते स्टेजवरून उतरले आणि ज्या क्रमानं बाटल्या वाटल्या होत्या, त्याच क्रमानं एकेक परत घेतली. प्रत्येकाकडून घेताना मान थोडी झुकवत, घाई न करता. गायकवाडांनी बाटली मुठीत धरून ठेवली होती. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. तुमची आठवन." साहेबांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि बाटली घेतली. सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या, घड्याळ न घेता भाभींना घेऊन बाहेर पडले. समोसे तसेच राहिले.

काही दिवसांनी मी त्यांचं घड्याळ घेऊन कासारवाडीला गेले. भाभी मशीनवर होत्या. साहेब वर आहेत म्हणाल्या, आणि लगेच मन मोकळं केलं. ते घरात बोलत नव्हते. जेवायला खाली यायचे, जेवून वर जायचे. "खरं मी बोलले आणि रागावले माझ्यावरच. त्या सगळ्यांवर नाही." मी वर गेले. साहेब रिकाम्या बाटल्या ओळीनं धुऊन उन्हात ठेवत होते. घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही. मी काहीतरी समजावायला लागले की लोकांना तुम्हांला दुखवायचं नव्हतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"बंपरला चुकीचा रंग लागला तर आपण तो परत पाठवतो. मी आयुष्यभर लोकांचा माल परत पाठवला. माझा कुणी पाठवला नाही, काळेबाई. मला त्या लायकीचंही समजले नाहीत."

खाली भाभींचं मशीन थांबलं होतं. त्या कधी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्या साहेबांना मराठीतच म्हणाल्या, बहुधा मला साक्षीला धरून, "मी पाठवला ना परत. मग मला का नाही विचारत?"

साहेब बराच वेळ बाटल्यांची ओळ सरळ करत राहिले. मग एक बाटली उचलून त्यांनी भाभींपुढे धरली आणि मी खाली उतरले.

तिथून पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. झालं ते असं, की त्यांच्या घरात नवी भांडणं सुरू झाली. भाभींचं नाक तीक्ष्ण, पण बोलणं त्यांचं स्वतःचं. साहेबांनी विचारावं आंबट की कडू, तर त्या सांगणार, तुमच्या खालाच्या ट्रंकेसारखं. साहेबांनी विचारावं मागून काय येतं, तर त्या सांगणार, पाहुणे गेल्यावर घर लागतं तसं. साहेब डोक्याला हात लावत. मावशीची, त्या खालाची ट्रंक म्हणजे डांबराच्या गोळ्या, की जुनं रेशीम, की तांब्याची भांडी? भाभी म्हणत, ट्रंक म्हणजे ट्रंक. मी गेले की दोघंही माझ्यापुढे आपापली बाजू मांडत. मला दोघांचंही पटे आणि दोघांचाही कंटाळा येई. कैरी शेवटपर्यंत जमली नाही. एकदा भाभी म्हणाल्या, झालं, हीच कैरी. साहेबांनी विश्वास ठेवला नाही आणि त्यात आणखी काहीतरी घालून ती बिघडवली. भाभींनी चार-आठ दिवस वर पाऊल टाकलं नाही. माझ्या मते ती बाटली खरोखर झाली होती. पण मी त्याबद्दल शपथ घेणार नाही, आणि आता ती कुणाला बघायलाही मिळणार नाही.

गेल्या वर्षी त्यांनी कासारवाडीचं घर सोडलं. मुलगी मिरजेला असते, तिच्याजवळ राहायला गेले. निघायच्या सकाळी मी भेटायला गेले तेव्हा टेम्पो सामान घेऊन पुढं गेला होता. शायांचं खोकं टेम्पोवाल्यानं नाकारलं, म्हणून ते स्टेशनला निघालेल्या रिक्षात भाभींच्या मांडीवर होतं. साहेब रिक्षावाल्याला रस्त्यातले खड्डे समजावून सांगत होते. मी निरोप घेतला, रिक्षा निघाली आणि कोपऱ्यावर जाऊन थांबली. काय झालं म्हणून मी पुढं गेले. भाभी म्हणत होत्या की वाळ्याची बाटली गळतेय. साहेब म्हणत होते, शक्यच नाही, वाळ्याचं बूच मी स्वतः मेणानं बंद केलंय, गळत असेल तर केवडा. मागे स्कूलबस, तिच्या मागे पाण्याचा टँकर, दोघं हॉर्न वाजवत होते. रिक्षावाला म्हणाला, काका, पुढं घेऊ का? साहेबांनी ऐकलं नाही. खोकं रस्त्याच्या कडेला उतरवलं, सुतळी सोडली, बाटल्या एकेक बाहेर काढल्या. तळाशी वाळा होता, बूच तिरपं झालेलं, बाटली खालून ओली.

साहेबांनी ती शर्टाच्या टोकानं पुसली. उजेडात धरली, मग भाभींकडे बघितलं.

"मग आधी का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"केव्हापासून तेच सांगतेय," भाभी म्हणाल्या, आणि ओली बाटली त्यांच्या हातातून घेऊन आपल्या रुमालात गुंडाळली. साहेब खोकं परत बांधू लागले. टँकरवाला खाली उतरून आला होता आणि त्यांच्या डोक्यावर उभा राहून बोलत होता. त्यांनी सुतळीची गाठ दोनदा मारली, दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा मारायला घेतली.